मोकळे रान आणि आखलेली वाट : 'रेड डेड रिडेम्प्शन २'

रॉकस्टार गेम्सचा 'रेड डेड रिडेम्प्शन २' हा गेम २६ ऑक्टोबर २०१८ रोजी प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर आला, तर पीसीवर तो पुढल्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये उपलब्ध झाला. इतकी वर्षे उलटूनही ओपन-वर्ल्ड, म्हणजे मोकळ्या जगात मनाप्रमाणे फिरू देणाऱ्या गेमचा विषय निघाला की त्याचे नाव पहिल्या दोन-तीनांत घेतले जाते आणि ते रास्तही आहे. तरीही पूर्ण कथा खेळून झाल्यावर माझे त्याविषयीचे मत एकजिनसी राहिलेले नाही. या गेमचे जग खेळणाऱ्यावर जितका विश्वास टाकते, तितका त्याची मिशन, म्हणजे कथा पुढे नेणाऱ्या ठरावीक कामगिऱ्या, टाकत नाहीत, आणि ही तफावत मला शेवटपर्यंत जाणवत राहिली.

कथा १८९९ सालच्या अमेरिकेतली आहे. ब्लॅकवॉटर गावातला दरोडा फसल्यामुळे डच व्हॅन डर लिंड याची टोळी डोंगरात पळून आलेली असते आणि आपण खेळतो तो आर्थर मॉर्गन हा डचचा उजवा हात. पहिला अध्याय बर्फात आणि बराच संथ गतीने जातो. अनेकजण तिथेच कंटाळून गेम सोडून देतात, हे मला समजू शकते. मात्र टोळी डोंगर उतरून हॉर्सशू ओव्हरलुक इथे तळ ठोकते आणि समोरचा सगळा मुलूख खुला होतो, तेव्हापासून हा गेम वेगळ्याच उंचीवर जातो.

शिकारीचेच उदाहरण घेऊ. हरिण दिसले म्हणून गोळी झाडली आणि काम झाले, असे इथे होत नाही. दुर्बिणीतून जनावर नीट पाहावे लागते, वाऱ्याची दिशा सांभाळावी लागते आणि त्या आकाराच्या जनावराला साजेसे हत्यार निवडावे लागते. चुकीच्या हत्याराने मारले तर कातडे खराब होते आणि त्याची किंमत उतरते. मग आर्थर गुडघ्यावर बसून सुरीने कातडे सोलतो, त्याची गुंडाळी घोड्यावर टाकतो, आणि विकायला फार उशीर केला तर घोड्यावरचे मृत जनावर कुजून त्यावर माशा घोंघावू लागतात. प्रत्येक वेळी हे सगळे पाहणे काहींना जाचक वाटते. मला ते आवडले, कारण जीव घेण्याच्या कृतीला त्यामुळे वजन येते.

घोड्याशीही असेच नाते जुळते. त्याला खरारा करावा लागतो, चारा द्यावा लागतो, साप दिसून तो बुजला तर थोपटून शांत करावे लागते. जसजसा त्याचा विश्वास बसतो, तसतसा तो अधिक ऐकू लागतो, आणि दगावला तर कायमचा जातो. आर्थर स्वतःजवळ एक वही बाळगतो आणि त्याने पाहिलेली जनावरे, ठिकाणे, माणसे तिच्यात आपोआप रेखाटली जातात. ही चित्रे इतकी हळुवार आहेत की दरोडेखोराच्या कातडीखाली कोण दडले आहे, हे त्याच्या संवादांपेक्षा वहीतून अधिक उमगते.

आता मिशनकडे येऊ. जगात वाट्टेल तिथे फिरण्याची मुभा असलेला हाच खेळाडू मिशन सुरू होताच बांधला जातो. समोरून गोळीबार चालू असताना इमारतीला वळसा घालून मागून जावे असे मनात आले, तर बऱ्याचदा गेम ते अपयश ठरवतो आणि मिशन पुन्हा खेळायला लावतो. कोणत्या झाडाआड लपायचे, कोणाच्या मागे घोडा ठेवायचा, कोणाला कधी मारायचे, हे सारे आधीच ठरलेले असते. रंगमंचावर खडूने आखलेल्या खुणांवर नटाने उभे राहावे, तसे आपण उभे राहतो.

याचा सर्वांत जास्त त्रास झाला तो स्ट्रॉबेरी गावातल्या मिशनमध्ये. तिथल्या तुरुंगातून टोळीतल्याच मायका बेल याला सोडवायचे असते. मायका हा माणूस मला पहिल्यापासून नकोसा वाटत होता आणि माझा आर्थर तोवर वाटसरूंना मदत करत, लोकांना अदबीने नमस्कार करत चांगले नाव कमावत होता. मायका सुटल्यावर पळून न जाता जुना हिशेब चुकता करायला गावात शिरतो आणि आर्थरला त्याच्या जोडीने रस्त्यावर माणसे मारत सुटावे लागते. हे मिशन पुष्कळ पुढे ढकलता येते, पण कथा पुढे न्यायची तर नकार देता येत नाही. मग सदाचरण मोजणारी पट्टी गेममध्ये ठेवायचीच कशाला, असा प्रश्न पडतो.

पण न्यायाने हेही सांगायला हवे की हीच सक्ती एका ठिकाणी विलक्षण परिणाम साधते. टोळीतला सावकार स्ट्राउस आर्थरला वसुलीला पाठवतो आणि त्यात थॉमस डाउन्स हा आजारी, गरीब शेतकरी त्याच्यापुढे येतो. बायको-मुलासमोर त्याला मारहाण करण्यावाचून पर्याय ठेवलेला नाही. त्या क्षणी कंट्रोलर खाली ठेवावासा वाटतो, आणि पुढे या मारहाणीची जी किंमत आर्थर मोजतो, ती सगळ्या कथेचा कणा आहे. इथे नकाराची सोय दिली असती तर कथा कोसळली असती. म्हणजे सक्ती मुळातच वाईट नाही; ती स्ट्रॉबेरीसारख्या ठिकाणी, केवळ गोळीबाराची मेजवानी देण्यासाठी, वापरली जाते तेव्हा खुपते.

विलर्ड्स रेस्टजवळ भेटणारी शार्लट बॅल्फोर ही विधवा याच्या अगदी उलट आहे. तिला शिकार शिकवायची की आपल्या वाटेने निघून जायचे, हे पूर्णपणे आपल्यावर सोडलेले आहे, आणि म्हणूनच तिला केलेली मदत आपली स्वतःची वाटते. संपूर्ण गेम या प्रसंगासारखा लिहिला असता तर मी त्याला निःशंकपणे सर्वोत्तम म्हटले असते.

रॉजर क्लार्क यांनी आर्थरला दिलेला आवाज आणि देहबोली यांना तोड नाही. हालचाली जड आहेत, आणि हातात बंदूक असताना नमस्कार करायला गेल्यास ती समोरच्यावर रोखली जाते, याची सवय करून घ्यावी लागते. पीसीवर खेळणाऱ्यांनी सुमारे १५० जीबी जागा मोकळी ठेवावी. नव्याने खेळणाऱ्यांना माझा आग्रह एवढाच, की दुसऱ्या आणि तिसऱ्या अध्यायात मुख्य मिशन उरकण्याची घाई करू नये. संध्याकाळी तळावर परतावे, टोळीतल्या हावियेरची गिटार ऐकावी, माणसांशी बोलावे, कारण पुढे टोळीचे वातावरण बिघडत जाते आणि ती मोकळीक पुन्हा तशी मिळत नाही.