आठ सूत

मी यंत्रमागाचा जॉबर. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत बावीस वर्षं माग दुरुस्त करतोय. कामात सुताचाही फरक मी चालवून घेत नाही, म्हणून हाताखालची पोरं वैतागतात. इंचात आठ सूत. ते सगळेच्या सगळे आठ मी जुनी गाडी घेताना डोळ्यांदेखत सोडले. त्याची ही हकीकत. जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या कुणाचे तरी पैसे वाचतील, म्हणून लाज सोडून लिहितोय.

गाडी महिंद्राची एफसी-१५० पिकअप. मूळ मॉडेल विलीसचं, अमेरिकेत १९५६ च्या अखेरीस आलेलं. साठच्या दशकात महिंद्राने ते इथं बनवायला घेतलं. गाडीला नाकच नाही. इंजिन दोन सीटांच्या मधे, झाकणाखाली. मे महिन्यात सोलापुरात ती चालवायची म्हणजे चुलीला मांडी लावून बसायचं. तरी मला तीच हवी होती. लहानपणी आमच्या गल्लीतून मार्केट यार्डाला कांदा घेऊन जाणारी अशीच एक होती. तिच्या हौद्यात लटकून आम्ही नाक्यापर्यंत जायचो.

मंगळवेढ्याच्या अलीकडे एका शेडमध्ये ही उभी होती. विकणारा गोड माणूस. घाई नाही, गळ घालणं नाही. उलट स्वतःच दाखवत होता, "मालक, इथं पत्रा गेलाय. इथं पुट्टी आहे, आधीच सांगतो." मी खिशातून लोहचुंबक काढून फिरवला. त्याने सांगितलं होतं तिथंच तो चिकटला नाही. तिथंच मी विकला गेलो. पत्र्याबद्दल खरं बोलणारा कागदाबद्दल खोटं कशाला बोलेल, असं मनाने ठरवून टाकलं.

कागद मात्र नीट बघितले असते तर ओरडूनच सांगत होते. आरसी बुकात पहिली नोंद १९६८ ची, तीही खाजगी. पिकअप म्हटलं की साधारण मालवाहू नोंद असते. विचारलं तर म्हणाला, "आजोबांनी तशी करून घेतली. म्हणून तर व्हिंटेजमध्ये बसते." केंद्राचा २०२१ चा नियम त्याला तोंडपाठ होता: ५० वर्षांवरची गाडी, मूळ रूपात, खाजगी वापराची, फी २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. सगळं बरोबर. ऑनलाइन माहिती का दिसत नाही, तर "एवढ्या जुन्या गाडीची कॉम्प्युटरवर एंट्री झालेली नाही." हेही अनेक जुन्या गाड्यांच्या बाबतीत खरंच असतं. त्याचं प्रत्येक वाक्य तपासलं असतं तरी खरंच निघालं असतं. खोटी होती ती फक्त गाडी.

बुकात बॉडीच्या प्रकाराच्या ओळीवर ऑइलचा डाग होता. आख्ख्या बुकात एकच डाग, आणि तो नेमका तिथं. खाली व्हीलबेस लिहिलेला, ८० इंच. मी सवयीने टेप लावला, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत. ८१ भरले. पुन्हा लावला. ८१. मी काय म्हटलं असेल? "त्या काळी अंदाजे लिहीत असतील." आणि टेप खिशात टाकला.

सौदा १,६०,००० ला ठरला. ४०,००० मोबाइलवरून, बाकी रोख, पावती नाही. मूळ मालक वारलेला, तरी त्याच्या सहीचे मालकी बदलाचे कोरे फॉर्म २९ आणि ३० तयार. वारलेल्या माणसाची गाडी आधी वारसाच्या नावावर व्हावी लागते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. गाडी टेम्पोवर चढत होती आणि मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

पुढचे तीन महिने, खोटं कशाला बोलू, सुखाचे गेले. अंगणात पत्र्याची शेड मारली. रात्री मागावरून आलो की मिस्त्री आणि मी. त्या इंजिनाची गंमत म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. ती उकलताना मिस्त्री स्वतःशीच हसायचा. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घातले, रेडिएटर उकळून घेतला, पाटे सोडवून नवे बुश बसवले, हौद्याचा तळ नव्या पत्र्याने वेल्डिंग केला. ९५,००० गेले. बायकोला ६० सांगितले होते.

मग चॅसीला रेड ऑक्साइड मारायचा म्हणून जुना रंग काढायला बसलो. चॅसी नंबराच्या जागी डांबरासारखा काळा थर होता. रॉकेलचा बोळा फिरवला, वायर ब्रश मारला. मिस्त्रीने बॅटरी आडवी धरली, चॅसीला लागून. समोरून उजेड मारला की काही दिसत नाही, आडवा मारला की लोखंड बोलतं. नंबराभोवती वीतभर पट्टा आजूबाजूपेक्षा खोलगट, त्यावर ग्राइंडरचे बारीक आडवे ओरखडे. आकडे एका रेषेत नाहीत, शेवटचे दोन उंच गेलेले. वरची ॲल्युमिनियमची पाटी काळवंडलेली आणि तिचे रिव्हेट चकचकीत.

"भाऊ," मिस्त्री म्हणाला, "ह्ये कुणीतरी मागनं ठोकलंय की ओ."

बुक ज्या आरटीओचं होतं तिथं दुसऱ्या दिवशी एसटीने गेलो. अर्ज दिला, गाडीचे पर्टिक्युलर्स मागितले. कारकुनाने जुनं रजिस्टर काढलं, बोट फिरवलं आणि विचारलं, "जीपचं काय काम होतं?" बॉडीचा प्रकार जीप. व्हीलबेस ८० इंच. सीजे-३बी जीपचा तेवढाच असतो, एफसी-१५० चा ८१. हे मला गाडी घेण्याआधीच ठाऊक होतं. नादिष्ट माणसाला असल्या गोष्टी पाठ असतात. ती एसटीची फेरी सौद्याआधी केली असती तर एक खाडा पडला असता, बस.

हा धंदा चालतो तो असा. जीप भंगारात तुटते. गाडी निकामी झाली की मालकाने १४ दिवसांत किंवा जमेल तितक्या लवकर आरटीओला कळवायचं, असं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे. कुणी कळवत नाही. बुक मागे राहतं आणि त्याला किंमत येते. मग बिनकागदाची एखादी गाडी शोधून तिचा नंबर घासायचा आणि बुकातला ठोकायचा. माझ्या पिकअपचा खरा नंबर काय होता, ती कुणाची, चोरीची की भंगारातली, हे आता लोखंडालाच ठाऊक.

विकणाऱ्याचा फोन बंद. शेड भाड्याची होती. एक एजंट घरी येऊन म्हणाला, "पंच नीट मारून देतो, पंधरा हजार. साहेबांना कळणारही नाही." खरं सांगतो, मी रात्रभर विचार केला. सकाळी पोलीस ठाण्यात गेलो. पूर्वीचं ४२०, ते आता भारतीय न्याय संहितेत ३१८. मोबाइलवरून गेलेल्या चाळीस हजारांचा पुरावा तेवढा हातात आहे. रोख दिलेल्या एक लाख वीस हजारांबद्दल हवालदाराने विचारलं, "साक्षीदार?" टेम्पोवाला होता. त्याचा नंबर माझ्याकडे नाही.

गाडी अंगणात ताडपत्रीखाली आहे. इंजिन पहिल्या सेल्फला चालू होतं. रस्त्यावर काढता येत नाही, विकता येत नाही, चौकशी पुरी होईपर्यंत भंगारातही देता येत नाही. परवा मिस्त्रीने विचारलं, हौद्याला रंग कुठला? मी म्हटलं, राहू द्या प्रायमरच.