ओरॅकल एपेक्समधला चेकबॉक्स: क्वेरीतून काढायचा की ग्रिडवर सोपवायचा?

ओरॅकल एपेक्समध्ये, म्हणजे ओरॅकल डेटाबेसवर वेब अ‍ॅप बनवायच्या साधनात, रिपोर्टच्या प्रत्येक ओळीपुढे चेकबॉक्स हवा असला की दोन वाटा दिसतात. जुनी वाट म्हणजे एपेक्स_आयटम पॅकेजातलं चेकबॉक्स२ फंक्शन क्वेरीतच लिहायचं. नवी म्हणजे ५.१ आवृत्तीत आलेला इंटरॅक्टिव्ह ग्रिड, पानावरच ओळी बदलता येतात असा तक्ता. मी दोन्ही वापरते, पण निवडण्याआधी एकच गोष्ट विचारते: ही टिक टेबलात साठवायची आहे, की बटण दाबेपर्यंतच तिचं काम आहे?

साठवायची असेल, उदाहरणार्थ हजेरी, तर सरळ ग्रिड घ्या. टिक न केलेला चेकबॉक्स ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही, एचटीएमएलचा तो नियमच आहे. त्यामुळे कालची टिक आज काढली हे जुन्या वाटेने आपल्याला आपोआप कळत नाही. ग्रिडमध्ये टिक काढणं हा त्या ओळीतला बदल धरला जातो आणि ‘नाही’साठी ठरवलेली किंमत सर्व्हरला मिळते.

‘ही बिलं निवडा आणि मंजूर करा’ अशा कामात मात्र खरी निवड करावी लागते.

जुन्या वाटेचं मोठं सुख म्हणजे सगळं एसक्यूएलमध्येच होतं. चेकबॉक्स२ला क्रमांक १ आणि बिलाची प्रायमरी की, म्हणजे ते बिल ओळखायची एकमेव किंमत, द्यायची. पेज सबमिट झालं की टिक केलेल्या बिलांच्या की त्या क्रमांकाच्या जी_एफ०१ या अ‍ॅरेत (क्रमाने लावलेल्या यादीत) मिळतात. त्या रकान्याचं ‘एस्केप स्पेशल कॅरेक्टर्स’ बंद करायला विसरू नका, नाहीतर चौकटीच्या जागी एचटीएमएलचा कच्चा मजकूर दिसतो. जावास्क्रिप्ट फारशी न येणाऱ्या डेटाबेसवाल्या माणसाला हे एका दुपारी जमतं.

खड्डा पुढे आहे. समजा, शेजारी शेरा लिहायला क्रमांक २ची मजकुराची चौकट दिली. पानावर ७ बिलं आहेत आणि साहेबांनी तिसरं, पाचवं, सातवं टिक केलं. आता जी_एफ०१मध्ये ३ नोंदी आहेत आणि जी_एफ०२मध्ये ७. लूपमध्ये दोन्हीकडे एकच इंडेक्स वापरलात, तर तिसऱ्या बिलाला पहिल्याचा शेरा चिकटतो आणि पाचव्याला दुसऱ्याचा. एरर येत नाही. माझ्या हातून हे झालंय, आणि हिशेब बघणाऱ्या बाईंनी छापील कागदाशी ताळा घातला तेव्हाच ते उघडकीला आलं. तेव्हापासून मी प्रत्येक ओळीत बिलाची की हिडन आयटम (पानावर न दिसणारी चौकट) म्हणूनही ठेवते. तो सगळ्या ओळींचा येतो, त्यामुळे शेऱ्याचा अ‍ॅरे आणि त्याचा क्रम जुळतो, आणि टिक केलेली की त्यात शोधता येते.

क्वेरीही नीट लिहायला हवी. बिलाला त्यातल्या बाबींचं टेबल जॉईन केलं आणि बाबी ३ असल्या, तर त्याच बिलाचे ३ चेकबॉक्स दिसतात. एक बिल एक ओळ हे आतल्या क्वेरीत पक्कं करा आणि चेकबॉक्स२ बाहेरच्या सिलेक्टमध्ये ठेवा.

शिवाय सबमिट होतं ते फक्त समोर दिसणारं पान. पुढच्या पानावर गेलात की मागच्या टिका गेल्या. दर टिकेला एजॅक्सने (पान सबमिट न करता) ती की एपेक्स कलेक्शन या सर्व्हरवरच्या तात्पुरत्या यादीत टाकून हे सुटतं, पण मग जावास्क्रिप्ट आलीच. यादी एका पानात मावत असेल, तर जुनी वाट मला आजही आवडते. ती वाचायला सोपी आहे आणि वर्षाने दुसऱ्या कुणालाही कळते.

यादी शेकड्यांत असेल तर ग्रिड बरा. ओळ निवडायचा रकाना तयार मिळतो, आणि ‘पर्सिस्टसिलेक्शन’ हा पर्याय चालू केला की पान बदललं तरी निवड टिकते. पण निवडलेल्या ओळी आपण होऊन सर्व्हरकडे जात नाहीत. ‘गेटसिलेक्टेडरेकॉर्ड्स’ या जावास्क्रिप्ट फंक्शनने त्या घ्यायच्या, त्यांच्या की कोलनने जोडून हिडन पेज आयटममध्ये भरायच्या आणि सर्व्हरवर एपेक्स_स्ट्रिंगच्या स्प्लिटने सुट्या करायच्या. त्या आयटमचं ‘व्हॅल्यू प्रोटेक्टेड’ बंद ठेवा, नाहीतर सबमिट करताना चेकसमची (किंमत मध्येच बदलली का, या तपासणीची) एरर येते. नवशिक्याचा अर्धा दिवस इथेच जातो.

वाट कुठलीही घ्या, बिलांच्या की येतात त्या ब्राउझरमधून, आणि तिथे त्या कुणीही बदलू शकतं. रिपोर्टच्या क्वेरीत लावलेली अट अपडेटच्या व्हेअरमध्ये पुन्हा लिहायलाच हवी: बिल अजून प्रलंबित आहे का, आणि या माणसाला ते मंजूर करायचा अधिकार आहे का. अपडेट एकाच स्टेटमेंटमध्ये करून मी एसक्यूएल%रोकाउंट, म्हणजे किती ओळी बदलल्या तो आकडा, बघते आणि ‘निवडलेली ७, मंजूर ६’ असा निरोप दाखवते. सातवं बिल बहुतेक वेळा मधल्या दहा मिनिटांत दुसऱ्या साहेबांनी मंजूर केलेलं असतं.