जुळे सोलापूर : सोसायटीत घेतलेलं ‘आपत्कालीन तयारी’ ट्रेनिंग, साडेतीन स्टार

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीत अडीच तासाचं ट्रेनिंग झालं, बॉम्ब, गोळीबार असलं काही झालं तर काय करायचं त्याचं. माणशी २०० रुपये. एजन्सीचं नाव टाकत नाही, तक्रारी पण आहेत आणि मला भांडण नकोय.

सुरुवात वाईट. प्रोजेक्टर चालू होईना म्हणून चाळीस मिनिटं गेली, मग स्लाइड सगळ्या इंग्रजीत, फोटो कुठल्यातरी परदेशी मेट्रोचे. पहिल्या रांगेतल्या आजींना तेलुगूशिवाय काही येत नाही, त्यांची नात कानात सांगत होती, नात उठून पाणी प्यायला गेली की आजी नुसत्या हसत बसायच्या. सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी एवढी माणसं, हे एजन्सीला माहीत नसेल का? गंमत म्हणजे नंतर सरांनीच २६/११ चं सांगितलं, सीएसटीवर विष्णू झेंडे यांनी अनाउन्समेंटच्या केबिनमधून माईकवर लोकांना मागच्या बाजूने बाहेर पडायला सांगितलं म्हणून कितीतरी जण वाचले. सिद्धेश्वर एक्सप्रेसला आपण तिथंच उतरतो, त्यामुळे हॉलमध्ये सगळे गप्प झाले. पण झेंडेंचं लोकांना कळलं कारण ते मराठी-हिंदीत बोलत होते, आमच्या आजींना कोण सांगणार?

आता चांगलं सांगतो. चहाच्या ब्रेकमध्ये सरांनी कुणाला न सांगता एका खुर्चीखाली शेंगाचटणीच्या दुकानाची पिशवी ठेवली, आत स्टीलचा डबा. मी त्या खुर्चीच्या बाजूलाच भजी खात उभा होतो, मला काही वाटलंच नाही. आमच्या वॉचमनकाकांनी पिशवी उचलली, जरा हलवून बघितली आणि स्टेजवर आणून ठेवली, “कुणाची राहिली बघा की वो.” सर काही बोलले नाहीत, सगळे खाली बसल्यावर फक्त सांगितलं की पुण्यात १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत पण कुणीतरी ठेवून गेलेली बॅगच होती, १७ माणसं गेली. काका चेहरा पाडून बसले. मला त्यांचं वाईट वाटलं, कारण काका निदान उठले तरी, आम्ही तर खातच होतो. हात लावायचा नाही, लांब जायचं, दुसऱ्यांना लांब न्यायचं, पिशवीजवळ उभं राहून मोबाईल लावायचा नाही, मग ११२. एवढंच, पण आता विसरणार नाही.

११२ चा सराव तर लै भारी. सेक्रेटरींना उभं केलं, समजा फोन लागला, पत्ता सांगा. ते म्हणाले, “पाण्याच्या टाकीजवळ.” सर म्हणाले, कुठली टाकी? सेक्रेटरी अडकले, आम्ही सगळे हसलो, मग एकेकाला विचारलं तर कुणालाच प्लॉट नंबर धड येईना.

रक्त थांबवायचं पण करून दाखवलं, घरचा टॉवेल घेऊन जखमेवर जोरात दाबून धरायचं, थांबलं का म्हणून सारखं उचलून बघायचं नाही, कापड भिजलं तर वरून दुसरं लावायचं, रुतलेली काच ओढायची नाही. आणि एक स्फोट झाला की बघायला गर्दी करायची नाही, २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले होते.

एक गोष्ट अजिबात पटली नाही. ‘संशयित माणूस’ सांगताना सरांची गाडी दाढी आणि कपड्यांवर गेली. मागून एक काकू बोलल्या, माझा शेजारी तसाच दिसतो, आजारपणात दवाखान्यात त्यानेच नेलं मला. सरांनी विषय बदलला. बॅग सोडून घाईघाईत जाणारा, विनाकारण गेटचे फोटो काढणारा, हे सांगायला पाहिजे होतं ना, दिसण्याचं कशाला? भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची तर सगळ्याच भाडेकरूंची द्यायची.

बिल्डिंग फिरून बघितलीच नाही हे पण खटकलं. ‘पळा, नाहीतर लपा’ शिकवलं, पण पळायचं कुठून? मागचं गेट वर्षभर कुलूप लावून आहे आणि किल्ली पुण्याला राहणाऱ्या चेअरमनकडे.

शेवटी सर्टिफिकेटचे १०० रुपये वेगळे मागितले, आधी कुणी बोललं नव्हतं. मी घेतलं नाही. बोलावणार असाल तर हे पैसे आधी ठरवा, छापील मराठी कागद मागून घ्या, तेलुगू बोलणारा माणूस पण मागा. सेक्रेटरींनी काल गेटवर प्लॉट नंबर मोठ्या अक्षरात रंगवून घेतलाय, किल्ली अजून पुण्यालाच आहे.