मास कॉमचं एमए की थेट नोकरी? नाशकात राहून ठरवताना

दोन वर्षांपूर्वी आमच्या कॉलेज रोडच्या ऑफिसात कॉपीरायटरची एक जागा होती. आलेल्या दोघांना एकच कागद दिला: लासलगावची कांद्याची आवक आणि किमान, कमाल, सरासरी भाव. यावरून बातमी लिहायची.

मुलाने दोन वर्षं तालुक्याला बातमीदारी केलेली. वीस मिनिटांत त्याने मजकूर दिला, मथळा नेमका, पहिल्याच ओळीत सरासरी भाव. पण ‘भाव कोसळले’ हे कशाच्या जोरावर लिहिलं, ते कागदावर कुठेच नव्हतं. मुलगी मास कम्युनिकेशनमधली एमए. तिला पाऊण तास लागला, मात्र लिहायला बसण्याआधी तिने आदल्या दिवशीचे आकडे मागून घेतले.

जागा मुलाला दिली, कारण रोज पाच-सहा मजकूर वेळेत जायला हवे होते. सहा महिन्यांनी एका द्राक्ष निर्यातदाराचं ग्राहक सर्वेक्षण आलं. प्रश्नावली कशी बांधायची, हे आमच्यात कुणालाच धड येईना. तेव्हा त्या मुलीलाच फोन केला.

या दोघांकडे बघूनच सांगते. वर्तमानपत्र, जाहिरात एजन्सी, सातपूर-अंबडच्या कारखान्यांचं जनसंपर्काचं काम, इथे तुमची छापून आलेली कात्रणं आणि केलेली कामं आधी बघतात. पहिल्या पगारात एमएमुळे मोठा फरक पडलेला मी तरी पाहिला नाही. त्यातून २०२७चा सिंहस्थ. गर्दी, वाहतूक, अफवा, रोजची प्रसिद्धिपत्रकं असं काम आपल्याच गावात बारा वर्षांनी एकदाच मिळतं.

प्राध्यापक व्हायचं असेल तर मात्र चर्चाच नको, एमए करा. नेट परीक्षेला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५०. पीएचडी, संशोधन, माध्यम-नियोजन (जाहिरात कुठे आणि कधी द्यायची ते ठरवणं) यांचंही तेच: तिथे पद्धत शिकलेला माणूस पुढे जातो, आणि ती पद्धत धावपळीच्या नोकरीत कुणी बसून शिकवत नाही.

बीकॉम, बीएस्सी करून या क्षेत्रात येणाऱ्यांनाही एमएचा खरा उपयोग होतो. चुकायला दोन वर्षं मिळतात आणि चूक दाखवणारं कुणीतरी समोर असतं. ज्यांनी पत्रकारितेचीच पदवी घेतली आहे, त्यांनी तेच विषय पुन्हा शिकण्याआधी थांबून विचार करावा.

खर्चाचं म्हणाल, तर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला, म्हणजे पुणे विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागात, गेलात की फीपेक्षा खोली, मेस आणि बुडालेला दोन वर्षांचा पगार जड जातो. आपल्या एचपीटी महाविद्यालयातही पत्रकारितेचा विभाग आहे, आधी तिथे चौकशी करा. दोन वर्षं काढणं शक्य नसेल तर अमरावतीच्या आयआयएमसीत (भारतीय जनसंचार संस्थेत) मराठी पत्रकारितेचा पदविका अभ्यासक्रम आहे.

नोकरी सांभाळून इग्नू या मुक्त विद्यापीठाचं दूरस्थ एमए करणारेही आहेत. घरची जबाबदारी असलेल्याला मी हाच मार्ग सुचवते. फक्त त्यात आपला मजकूर लाल शाईने तपासणारं रोज कुणी नसतं, ते काम ऑफिसातल्या ज्येष्ठाकडून मागून घ्यावं लागतं.

कुठेही प्रवेश घ्यायचा ठरलाच, तर फॉर्म भरण्याआधी विभागात जाऊन शेवटच्या सत्रातल्या मुलांनी वर्षभरात केलेलं काम बघायला मागा. दाखवण्यासारखं काही निघालं नाही, तर पैसे भरू नका.