रानीपुऱ्यातला ईदचा संच: तोरण पैकीच्या पैकी, पाकिटं नापास

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात इंदूरच्या रानीपुऱ्यात चमकी-झिरमिळ्यांचे ढीग लागतात. त्या गर्दीतल्या एका छोट्या दुकानात हातानं केलेला ईदचा संच साडेसहाशेला मिळतो. त्यात 'ईद मुबारक' तोरण, बांबूचा फानूस, पुठ्ठ्याचा चंद्र, ईदीची, म्हणजे ईदला लहानांना द्यायच्या पैशांची, दहा पाकिटं आणि खजुरासाठी दोन डबे असतात.

चोख काम तोरणाचं. उर्दूत या दोन शब्दांची अक्षरं आठ, पण 'ईद' सलग जोडून लिहितात. 'मुबारक'मध्ये मीम, बे, अलिफ एकत्र येतात, रे सुटा, काफ सुटा. म्हणजे पताका चारच हव्यात, आणि इथं चारच आहेत. छापील तोरणांत आठ पताकांवर आठ सुटी अक्षरं लोंबताना दिसतात. मराठीत काना-मात्रा वेगळ्या पताकेवर टांगाव्यात, तसाच तो प्रकार! ओवताना 'ईद' उजव्या टोकाला घ्या. डावीकडून सुरुवात केलीत तर सगळं उलटं वाचलं जाईल.

एक कच्चा दुवा आहे: नुक्ते. 'ये'खाली दोन आणि 'बे'खाली एक, असे तीन ठिपके वेगळे कापून चिकटवलेत. चमकीच्या गुळगुळीत कागदात फेविकॉल मुरत नाही, म्हणून ते गळतात, आणि नुक्ता गेला की 'बे' हे 'बे' राहत नाही. दुकानातच नखानं हलवून बघा. सैल वाटला तर खालची चमक पॉलिशपेपरनं खरवडून पुन्हा चिकटवा.

फानूस दिवाळीच्या आकाशकंदिलाच्याच घराण्यातला: सहा बाजू, बांबूच्या कामट्या, हिरवा पतंगी कागद. सांधे दोऱ्यानं बांधून वर फेविकॉल लावलाय, हे महत्त्वाचं. नुसत्या ग्लूगनचे सांधे उन्हात नाहीतर बल्बच्या उष्णतेनं मऊ पडतात आणि फानूस एका बाजूला कलतो. बकरी ईद सध्या उन्हाळ्यात येते, तेव्हा तर हमखास. आत छोटा एलईडीच लावा. 'झिरोचा' म्हणून मिळणारा तारेचा जुना बल्ब चांगलाच तापतो. पतंगी कागदाजवळ तो नकोच.

चंद्राची मात्र गडबड आहे. कोर इंग्रजी 'सी'सारखी, टोकं उजवीकडे. ती झाली महिनाअखेरीची, पहाटे दिसणारी कोर. ईदचा चंद्र सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसतो, आणि आपल्याकडून पाहताना त्याची टोकं वर, जराशी डावीकडे असतात. दुरुस्ती सोपी आहे. जुनं भोक सोडून द्या, दोन्ही टोकांना दोरा बांधून चंद्र नावेसारखा टांगा आणि उजवा दोरा बोटभर आखूड ठेवा. चांदणी वेगळ्या दोऱ्यावर असल्यानं ती सरळच राहते.

पाकिटं दिसायला देखणी, पण आतून लांबी साडेचौदा सेंटिमीटर. शंभराची नोट १४२ मिलिमीटरची, ती मावते. दोनशेची १४६ आणि पाचशेची १५० मिलिमीटरची, म्हणजे दोन्ही दुमडाव्या लागणार. ईदीत कोऱ्या नोटेचीच मजा असते, तिला घडी कशाला? लांबी १६ सेंटिमीटर हवी होती. शिवाय तोंड बंद करायला स्टेपलर मारलेला. पिन नोटेतही शिरू शकते आणि नोटांना पिन मारू नका असं रिझर्व्ह बँक कधीची सांगतेय. पिन काढून गोंदाचा ठिपका पुरतो.

डब्यांना आतून अस्तर नाही. किमिया खजूर मऊ आणि चिकट, तासाभरात पुठ्ठ्यावर डाग पडतो. बटरपेपर घालाच, किंवा बदाम-पिस्ते भरा. झाकणाच्या आतल्या कडेला चमकीची पूड सांडलेली असते, ती ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

संच पूर्ण घ्यायलाच हवा असं नाही. तोरण आणि फानूस सुटे मागितले तर चारशेत देतात.