स्पॅरिंगचं हेडगार्ड: चामड्याला चार स्टार, पण डोक्याची गॅरंटी नाही

आमच्या बॉक्सिंग क्लबमधल्या पोरांच्या स्पॅरिंगसाठी, म्हणजे सरावाच्या लढतीसाठी, फुल फेस टाइप हेडगार्ड घेतलं होतं, म्हणजे गाल झाकणारं, हनुवटीखाली पट्टा आणि मागे वेल्क्रो. बरेच दिवस रगडून वापरल्यावर लिहितोय, कारण आधीचे सगळे रिव्ह्यू "मस्त आहे, फिटिंग छान" एवढ्यावरच संपलेत आणि कामाचं कोणीच सांगत नाही.

चांगलं आधी. भुवईवरचा फोम जाड आहे आणि दाबून सोडला की लगेच परत वर येतो. भुवई फुटणं, डोकी एकमेकांवर आपटून कट जाणं, कान सुजणं, हे जवळपास बंदच झालं. आतलं अस्तर घाम पितं पण वास धरतं, त्यामुळे स्पॅरिंग झाल्यावर उघडं करून वाऱ्यावर टाकायचं, बॅगेत कोंबलंत तर दुसऱ्या दिवशी तोंडाजवळ नेववणार नाही. वेल्क्रो मात्र भिकार. घाम लागला की सुटतं, आणि एक हुक, म्हणजे बाजूने येणारा ठोसा, बसला की गार्ड फिरून डोळ्यावर येतं, पोरगं आंधळं उभं आणि समोरचा अजून मारतोय! पर्याय असेल तर मागे नाडी असलेलंच घ्या, बांधायला दुसरा माणूस लागतो पण जागचं हलत नाही. गालाच्या पॅडमुळे खालून वर येणारा ठोसा, अपरकट, उशिरा दिसतो, हे पण धरून चाला.

आता मुद्दा. बॉक्सवर "कन्कशनपासून संरक्षण" असं मोठ्या अक्षरात छापलंय (कन्कशन म्हणजे डोक्याला झटका बसून मेंदूला होणारी इजा), त्याचा एक स्टार मी कापलाय. पाण्याने अर्धी भरलेल्या बाटलीभोवती कितीही फोम गुंडाळा, झटका दिला की आतलं पाणी हलणारच, मेंदूचं तसंच आहे. हुक बसल्यावर डोकं गर्रकन फिरतं आणि आत मेंदू मागे राहतो, नुकसान त्या फिरण्यात आहे, कातडीवर नाही. एलिट पुरुषांच्या अमॅच्युअर बॉक्सिंगमधून 2013 मध्ये हेडगार्ड काढलं आणि 2016 च्या रिओ ऑलिम्पिकला पुरुष उघड्या डोक्याने खेळले, बायकांना मात्र घालावंच लागलं. त्या निर्णयावर भांडणं अजून चालू आहेत, कट वाढले हे खरं. पण हेडगार्ड घातलं म्हणजे मेंदू सेफ, असं कोणताही शहाणा डॉक्टर म्हणणार नाही.

आणि खरा त्रास पुढे आहे. गार्ड आलं की पोरं जास्त जोरात मारतात आणि जास्त खातात पण, कारण चेहऱ्याला लागत नाही म्हणजे लागलंच नाही असं वाटतं. आमच्यातल्या एकाच्या टुर्नामेंटमध्ये लागोपाठ दोन घासून झालेल्या बाउट, म्हणजे लढती, होत्या, दोन्ही जिंकला. घरी आला, थोडी विश्रांती घेतली आणि परत स्पॅरिंगला उभा. म्हटलं, "डोकं दुखतंय का रे?" तर म्हणे, "नाही सर, एकदम फिट." चेहऱ्यावर खरंच एक ओरखडा नव्हता. पण जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, यायच्या आधीच मान मागे जात होती, रोजच्या सरावातलं एक-दोन-हुक, म्हणजे दोन सरळ ठोसे आणि मग हुक, मारताना हुक विसरत होता, आणि राउंड संपल्यावर चुकीच्या कोपऱ्याकडे निघाला. गार्ड काढायला लावलं, घरी पाठवलं, डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. त्याच्या आईने नंतर सांगितलं की रात्री झोपत नाही आणि क्षुल्लक गोष्टीवर अंगावर येतो. हे फोममध्ये दिसत नाही हो.

मोठ्या प्रोफेशनल बॉक्सरांचं बघा. इस्रायल वाझक्वेझ आणि राफाएल मार्केझ मार्च 2007 ते मार्च 2008, एका वर्षात तीन वेळा भिडले. पहिल्यात वाझक्वेझचं नाक मोडलं, श्वास घेता येईना म्हणून सातव्या राउंडनंतर थांबला, पाचच महिन्यांनी परत उतरला आणि जिंकला, तिसरीही जिंकला. नंतर डोळ्याच्या पडद्याची ऑपरेशनं, 2010 मध्ये चौथी फाइट हरला आणि पुढे उजवा डोळाच काढावा लागला. मिकी वॉर्ड आणि आर्टुरो गाटी, मे 2002 ते जून 2003, तीन फाइट. दुसरीत वॉर्डच्या कानाचा पडदा फाटला, तोल राहीना, तरी शेवटच्या घंटेपर्यंत उभा होता. तिसरीत गाटीने हात मोडलेला असताना पूर्ण दहा राउंड काढले आणि वॉर्डने तिथेच ग्लोव्ह्ज टांगले. आपण या फाइट टाळ्या वाजवत बघतो, मीही बघतो, खोटं कशाला बोलू.

डोक्याबाहेरच्या, म्हणजे मनाच्या गोष्टीवर तर कोणी बोलतच नाही. 1982 मध्ये बॉक्सर रे मॅन्सिनीशी झालेल्या लढतीत मार लागून दुक कू किम मरण पावला, मॅन्सिनी जिंकला होता आणि तरी त्यानंतर तो डिप्रेशनमध्ये गेला. त्या फाइटनंतर टायटल लढती 15 वरून 12 राउंडवर आल्या. टायसन फ्युरीने 2015 मध्ये हेवीवेट चॅम्पियन क्लिच्कोला हरवून बेल्ट घेतले आणि नंतर डिप्रेशनमुळे जवळपास अडीच वर्षं रिंगबाहेर राहिला. म्हणजे हरल्यावरच माणूस मोडतो असं काही नाही.

प्रोफेशनलमध्ये नॉकआउट झाला की कमिशन, म्हणजे लढतींवर देखरेख ठेवणारी संस्था, ठरावीक दिवस सक्तीने बाहेर बसवतं, 30, 60, 90 असे दिवस लागतात, आणि त्या काळात स्पॅरिंगही बंद असतं. पण पॉइंटवर जिंकलेल्याला, म्हणजे दहा राउंड डोक्यावर खाऊन हात वर झालेल्याला, कधीकधी त्याहून कमी बसवतात. हे गणित मला कधीच पटलं नाही. क्लबात तर कमिशनच नसतं, आम्हीच कमिशन.

तर घ्यायचं का? घ्या, पण कट आणि कान यासाठी घ्या. कडक बाउट झाली की हे खुंटीला लटकवा आणि पोराला फक्त दोरी, शॅडो (समोर कोणी नसताना हवेत ठोसे मारणं) आणि बॅग द्या, तेही डोकं शांत झाल्यावर आणि डॉक्टरने हो म्हटल्यावर. साइझ घेताना डोक्याचा घेर भुवईच्या वरून मोजा, दोन मापांच्या मधे येत असाल तर लहान माप घ्या, कारण फोम वापरून थोडा बसतो आणि मग मोठं माप फिरायला लागतं. नाडीवालं मिळालं तर पाच पैकी चार, वेल्क्रोवालं अडीच. बॉक्सवरच्या त्या ओळीला शून्य.