गॅबापेंटिनवरचे नवे संशोधन: पबमेड की कॉक्रेन?

मज्जातंतूंच्या वेदनेवरचे गॅबापेंटिन हे औषध दीर्घकाळ घ्यावे लागणाऱ्यांना त्यावरचे संशोधन कोठे वाचावे, असा प्रश्न पडतो. पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीवर औषधाचे नाव नोंदवून ठेवले की नव्या शोधनिबंधांची सूचना ईमेलने विनामूल्य येते. परंतु त्यांत उंदरांवरचे प्रयोग आणि एकेका रुग्णाच्या हकिकतीही असतात, आणि निवडानिवडीचे कष्ट (ते थोडे नव्हेत) वाचकाच्याच माथी येतात. कॉक्रेन ही उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था; तिचा आढावा हे काम आधीच करून ठेवतो: २०१७च्या आढाव्यात ३७ अभ्यास एकत्र तपासले असून, नागिणीनंतरच्या वेदनेत रोज १२०० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रेने ३२ टक्के रुग्णांना, तर औषध नसलेल्या गोळीने १७ टक्क्यांना भरीव आराम पडल्याचे दिसते. अर्थात, त्यानंतरचे काम त्यात सापडणार नाही. औषधाचा गुण कितपत येतो, एवढेच ज्याला जाणायचे आहे त्याने कॉक्रेन वाचावे. एखाद्या दुष्परिणामाचा सतत माग ठेवायचा असेल, तर पबमेडला पर्याय नाही.